पार्ट्ससाठी ट्रक पाहिजे

२००२ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि उरलेले निम्मे आपली केव्हा जाते याची वाट बघत होते. अशा निर्धास्त काळात माझ्या नवऱ्याने, देवानंदने, १९४९ सालचा एक हिरवा पिकअप ट्रक विकत घेतला. कंपनीचं नाव मी सांगत नाही. कंपनी अजून चालू आहे, तिने तिचं काम त्रेपन्न वर्षांपूर्वी नीट केलं होतं, पुढच्या प्रकाराला ती जबाबदार नाही.

"कंडिशन चांगली आहे," देवानंद म्हणाला. "फक्त गिअरबॉक्स गेलाय. आणि डावा दरवाजा नाहीये."

"नाहीये म्हणजे खराब आहे?"

"नाहीये म्हणजे नाहीये."

आमची मुलगी रोशनी तेव्हा पाच वर्षांची होती. ती ट्रकभोवती एक चक्कर मारून आली आणि तिने विचारलं, "इज इट डेड?" त्या दिवशी घरात विचारला गेलेला तो एकमेव मुद्द्याचा प्रश्न होता.

अपार्टमेंटच्या मॅनेजरने बंद गाडी हलवायला आठ दिवस दिले. आम्ही राहायचो त्या सनीव्हेलमध्ये लोक मुलांच्या शाळेसाठी घर बदलतात. आम्ही ट्रकसाठी बदललं. मागे अंगण असलेलं एक जुनं घर भाड्याने घेतलं. तिथे ट्रकला उन्हं छान मिळायची. स्वयंपाकघराला अजिबात मिळायची नाहीत, पण स्वयंपाकघर १९४९ सालचं नसल्यामुळे त्याची कोणाला काळजी नव्हती.

देवानंदचं काम चिप व्हेरिफिकेशनचं. म्हणजे चिप तयार होण्याआधी ती कुठे कुठे चुकू शकते हे शोधून काढायचं. थोडक्यात, एखादी गोष्ट का करू नये याची कारणं शोधण्याचा त्याला पगार मिळतो, आणि या कामात तो फार हुशार आहे. नागपूरला आम्ही एकाच कॉलेजात होतो. मला लग्नाचं विचारायला त्याने दोन वर्षं घेतली होती. तेव्हा मला वाटलं होतं, किती विचारी मुलगा आहे.

त्या ट्रकचे पार्ट्स आता कोणी बनवत नव्हतं. एकच मार्ग होता. कुठेतरी शेतात, गोठ्यात पडलेला तसाच दुसरा ट्रक शोधायचा, तो अख्खा विकत आणायचा आणि त्याचे भाग काढून आपल्या ट्रकला लावायचे. म्हणजे एका न चालणाऱ्या ट्रकसाठी दुसरा न चालणारा ट्रक. मी विचारलं, की मग तो दुसराच दुरुस्त का नाही करायचा? देवानंद म्हणाला, "सुजाता, ते इतकं सिंपल नसतं." मी पुढे विचारलं नाही. माझ्याकडे तेव्हा डिपेंडंट व्हिसा होता, मला काम करायची परवानगी नव्हती, आणि सरकारप्रमाणे नवऱ्यालाही माझ्या मताची फारशी गरज दिसत नव्हती.

पहिला ट्रक २००३ च्या शरदात गिलरॉयला सापडला. लसणाच्या शेताकडेला एका विधवा बाईंच्या गोदामात तो उभा होता. तेच साल, तेच मॉडेल, दोन्ही दरवाजे शाबूत. बाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचा होता, घेऊन जा, जागा मोकळी होईल. देवानंदने चौसष्ट फोटो काढले, टेपने मापं घेतली आणि घरी येऊन एक्सेल शीट बनवलं. गंज किती, अंतर किती, काय काय वापरता येईल, धोका काय. धोक्याच्या रकान्याला तीन रंग होते. बाराव्या दिवशी सगळे रंग हिरवे झाले आणि त्याने बाईंना फोन केला. ट्रक आठव्या दिवशीच गेला होता.

"कोणी नेला?" मी विचारलं.

"एक माणूस दोरखंड घेऊन आला म्हणे."

त्या माणसाकडे एक्सेल नसावं.

दुसरा ट्रक पुढच्या वर्षी वॉटसनव्हिलला. या वेळी देवानंद एकटा गेला नाही, शशिकांतला घेऊन गेला. शशिकांत पुण्याचा, देवानंदच्याच ऑफिसातला. त्याच्याकडे मागे ट्रेलर जोडता येईल अशी मोठी गाडी होती आणि प्रत्येक विषयावर एक ठाम मत होतं. पहिल्याच किमतीला हो म्हणणाऱ्या माणसाला शशिकांत मूर्ख समजायचा. ट्रकचा मालक स्ट्रॉबेरीचं शेत करायचा. त्याने सांगितलेली किंमत इतकी कमी होती की मीसुद्धा गप्प बसले असते. शशिकांतने निम्मी सांगितली. मालक नुसताच बघत राहिला. मग शशिकांत देवानंदच्या कानात म्हणाला, "चल, निघाल्यासारखं कर यार. परत बोलावतो बघ."

दोघं निघाले. हळूहळू चालले, गाडीत बसले, गाडी हळू चालवली. कोणी बोलावलं नाही. मग रस्त्याच्या टोकाशी अर्धा तास थांबून त्यांनी स्ट्रॉबेरी खाल्ल्या आणि स्वतःच परत गेले. मालक सज्जन होता. तो म्हणाला, तुम्हाला नको होता म्हणून मी शेजाऱ्याला फोन केला, तो आत्ताच हो म्हणाला. शशिकांतने येताना आमच्यासाठी स्ट्रॉबेरीची एक पेटी आणली. त्या मात्र त्याने पूर्ण किमतीला घेतल्या होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट मला खरोखर खुपायची. देवानंदचे बाबा, म्हणजे माझे सासरे, मामाजी, नागपूरला एकटे होते. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. मामाजींना इकडे बोलावू या असं मी दर उन्हाळ्यात म्हणायची आणि देवानंद दर उन्हाळ्यात म्हणायचा, "ट्रक तयार होऊ दे. मग बोलावू." सत्तरीच्या माणसाचे गुडघे ट्रकसाठी थांबत नाहीत, असं मी एकदा म्हटलं. तो उठून अंगणात गेला आणि तासभर ट्रकवरचं ताडपत्रीचं झाकण नीट करत बसला. मला वाटलं, अमेरिकेत आल्यावर पुरुषांना जे एक खूळ लागतं, ते याला या आकाराचं लागलंय.

तिसरी संधी हुकली ती मात्र देवानंदमुळे नाही.

२००५ चा ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आम्ही फ्रीमाँटच्या एका हॉलमध्ये ठेवला होता, रविवारी. ऐंशी माणसं येणार होती. माईक, स्पीकर, प्रोजेक्टर सगळं देवानंदकडे, आणि भाजी माझ्याकडे. शनिवारी सकाळी तो सामान आणायला गेला होता आणि मी वांगी चिरत होते, तेव्हा आन्सरिंग मशीनवर मेसेज आला. हॉलिस्टरचे मिस्टर अल्व्हेस बोलत होते. हे एक म्हातारे शेतकरी. देवानंद दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे जाऊन फोटो काढून आला होता आणि अर्थातच शीट अजून पूर्ण व्हायचं होतं. ते म्हणत होते, जमीन विकली, सोमवारी सगळं साफ करणार आहेत. दोन्ही ट्रक उद्या दुपारपर्यंत घेऊन जा, पैसे नकोत, कोणाच्या तरी उपयोगी पडू देत.

दोन ट्रक. फुकट. गिअरबॉक्ससकट.

मी हात पुसले आणि मेसेज पुन्हा ऐकला. देवानंदला सांगितलं असतं, तर तो शनिवारची रात्र ट्रेलर शोधण्यात घालवणार आणि रविवारी हॉलिस्टरला जाणार. मग ऐंशी माणसं मुक्या माईकसमोर बसणार. मी ठरवलं, कार्यक्रम झाला की सांगू. मग बटण दाबून मेसेज पुसून टाकला. नंतर सांगायचं होतं, तर पुसला कशाला, हे मला अजूनही सांगता येत नाही.

कार्यक्रम सुंदर झाला. माईक एकदाही कुरकुरला नाही. लोकांनी भाजी दोनदा मागून घेतली. चार वाजता आम्ही खुर्च्या उचलत होतो तेव्हा मी तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेणार?"

त्याच आठवड्यात शीट पूर्ण करून देवानंदने हॉलिस्टरला फोन लावला, तर नंबर बंद. शनिवारी तो जाऊन आला. सपाट केलेली जमीन आणि चाकांच्या खुणा. घरी येऊन तो म्हणाला, "माझीच चूक. मी वेळ काढला." आयुष्यात पहिल्यांदाच त्याने चूक कबूल केली होती आणि ती नेमकी माझी होती. मी म्हटलं, "जाऊ दे." माझ्या मनाचा मोठेपणा बघून तो भारावला.

दोन वर्षं मी ते घेऊन फिरले. मधल्या काळात माझं वर्क परमिट आलं, मला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर नोकरी लागली, आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून मी मामाजींचं तिकीट काढलं. देवानंदला विचारलं नाही. तिकीट दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "पण ट्रक तयार नाही."

"ते तुझ्या ट्रकला भेटायला येत नाहीयेत," मी म्हटलं.

यात मी चुकले होते.

मामाजी २००७ च्या जूनमध्ये आले. एअरपोर्टवर जय भीम झाला, रोशनीने त्यांना "हाय आजोबा" केलं. घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला आणि मागच्या दारातून अंगणात गेले. ताडपत्री वर केली. मग बोनेटवर हात ठेवून त्यांनी देवानंदला विचारलं, "हा काहून आणला रे देवा?"

"तुमच्यासाठी," देवानंद म्हणाला.

पाच वर्षांत त्याने हे मला सांगितलं नव्हतं. मी भांडी घासता घासता खिडकीतून ऐकलं.

मग मामाजींनीच मला सांगितलं, दोन दिवसांनी, भाजी निवडत बसले असताना. ते तरुणपणी मानसरच्या एका मँगनीजच्या खाणीवर हेल्पर होते. खाणीत दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात घेतलेले अमेरिकन ट्रक होते, याच कंपनीचे. अकरा वर्षं मामाजींनी ते ट्रक सांभाळले. इंजिन खोलायचे, गिअरबॉक्स उतरवायचे, सगळं. पण फोरमन त्यांना केबिनमध्ये बसू देत नसे.

"ट्रकच्या खाली झोपाची परवानगी होती," ते म्हणाले. "वर बसाची नव्हती. आमचं अंग लागलं तर सीट बाटते म्हणे."

"मग चालवून बघायचं कोणी?"

"फोरमनचा भाचा. त्याले गिअर पडत नव्हता. मी खालून ओरडून सांगो."

हे त्यांनी हसत सांगितलं. मी मेथीच्या काड्या पानांत आणि पानं कचऱ्यात टाकली होती, ते त्यांनीच लक्षात आणून दिलं.

दरवाज्याच्या प्रकरणात मात्र मामाजींनी आपल्या इंजिनिअर मुलाची गय केली नाही. देवानंदने त्यांना एक्सेल शीट दाखवलं. गिलरॉय, वॉटसनव्हिल, हॉलिस्टर. मामाजींनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"पार्ट नाही भेटत म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "पत्रा नाही का या देशात?"

"बाबा, ओरिजिनल पाहिजे."

"ओरिजिनल बी कोण्या माणसानंच बनवला असंल ना."

रस्त्याकडेला कोणीतरी टाकलेलं एक वॉशिंग मशीन शशिकांतच्या गाडीतून घरी आलं. उजवा दरवाजा समोर ठेवून, त्याच्याकडे बघत, उलटं मनात धरून मामाजींनी डावा दरवाजा ठोकून काढला. त्यांना सात आठवडे लागले. शेजारच्या बाईंनी आवाजाची तक्रार करायला बेल वाजवली आणि त्या रोज खुर्ची आणून बघत बसायला लागल्या. दरवाजा लागला. बंद होताना थोडा घासायचा. देवानंद पाच वर्षं ज्याच्यासाठी कॅलिफोर्निया पालथा घालत होता, ते आमच्या अंगणात भंगारातून झालं, आणि त्याने फक्त हातोडा पुढे करायचं काम केलं. ते त्याने चांगलं केलं.

गिअरबॉक्स मात्र पत्र्याचा होत नाही. आणि तेव्हा भंगाराचे भाव इतके चढले होते की शेतात पडलेलं जुनं लोखंड रोज उचललं जात होतं. उभे असलेले ट्रक चेपून ठोकळे करून बंदरावर जात होते. नोव्हेंबरमध्ये देवानंदला लॉस बॅनोसजवळची एक जाहिरात दिसली. बदामाच्या बागेत एक ट्रक आहे, पार्ट्ससाठी. त्याने लॅपटॉप उघडला. मी लॅपटॉप बंद केला आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. रोशनीला शेजारच्या बाईंकडे सोडून आम्ही तिघं निघालो.

बागेच्या मालकीणबाई साठीच्या होत्या, चिखलाचे बूट घातलेल्या. त्यांनी शेडचं दार सरकवलं. निळा ट्रक, धुळीने भरलेला, पण दोन्ही दरवाजे, काचा, सगळं जागच्या जागी. देवानंदने खिशातून टेप काढला. मामाजींनी त्याच्याकडे बघितलं. त्याने टेप परत ठेवला.

मामाजी ट्रकखाली शिरले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, शेडच्या मातीवर पाठ टेकून. दहा मिनिटांनी बाहेर आले, बोनेट उघडलं, तेल बघितलं आणि मालकीणबाईंना मराठीत विचारलं, "चालू होते का?" त्यांनी इंग्रजीत सांगितलं, गेल्या उन्हाळ्यात होत होता. दोघांचं बरोबर जमलं. नवीन बॅटरी लावली. चौथ्या प्रयत्नात इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

बाई मामाजींकडे बघून म्हणाल्या, बागेत चालवून बघा ना, आमचीच जमीन आहे.

मी ते मराठीत सांगितलं. मामाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी आधी पँटची मागची माती झटकली, मग दोन्ही हात, मग पुन्हा पँट. देवानंदने दार उघडून धरलं. मामाजी वर चढले, सीटवर सावकाश बसले, स्टीअरिंगवर हात ठेवले. त्यांनी क्लच दाबला आणि गिअर टाकला. पहिल्याच वेळी पडला.

बदामाच्या दोन ओळींच्या मधून निळा ट्रक सरळ गेला, टोकाला वळला, दुसऱ्या ओळीतून परत आला. आमच्यासमोरून जाताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं. अशा किती चकरा झाल्या मी मोजल्या नाहीत. देवानंद शेडच्या खांबाला टेकून उभा होता आणि चष्मा पुसत होता. धूळ होती खरी तिथे.

उतरल्यावर मामाजी म्हणाले, "याले फोडाचा नाही."

"बाबा, पण आपल्याला गिअरबॉक्स..."

"हा ट्रक चांगला आहे. पार्ट्ससाठी फोडाचा असंल तर तुह्या अंगणातला फोड."

पाच वर्षांपूर्वी मी हेच विचारलं होतं. मी तसं म्हटलं नाही. त्या दिवशी मी देवानंदवर केलेला तो एकमेव उपकार.

देवानंदने मालकीणबाईंनी सांगितलेली किंमत ऐकली आणि हो म्हणाला. बाईंनी बदामाची एक पिशवी दिली आणि पुढच्या आठवड्यात ट्रक ट्रेलरवर पाठवते म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मामाजी मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन झोपले. देवानंद इतका आनंदात होता की मला सहन होईना. मी त्याला हॉलिस्टरचा मेसेज सांगितला. सगळा. पुसला, तेही.

आमचं एक्झिट आलं आणि गेलं. पुढचंही गेलं. दोन दिवस तो माझ्याशी रोशनीमार्फत बोलला, आणि रोशनी भाषांतर करून द्यायची: "डॅड सेज द राइस इज ओव्हर." तिसऱ्या दिवशी तो डबा घ्यायला स्वयंपाकघरात आला आणि दारात थांबला.

"मला मेसेज मिळाला असता," तो म्हणाला, "तर मी आधी शीट उघडलं असतं."

"दोन ट्रक फुकट होते, देवा."

"हो. म्हणूनच. मी म्हटलं असतं, फुकट का देतोय?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण तू मला सांगायला हवं होतंस. दोन वर्षं मी स्वतःला शिव्या देतोय."

मी म्हटलं, "हो." यापेक्षा हुशारीचं काही सुचलं नाही. त्याने डबा उचलला आणि गेला. त्या दिवसापासून आमच्यात पुन्हा सरळ बोलणं सुरू झालं. पण फोनवर मेसेज आला की तो अजूनही माझ्या आधी उठतो.

मामाजी डिसेंबरात परत गेले. जाण्याआधी महिनाभर ते निळा ट्रक रोज अंगणातल्या अंगणात दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे नेत होते. हिरवा ट्रक फोडायचं देवानंदला काही जमेना. कोणता भाग आधी काढायचा याचं त्याने शीट बनवायला घेतलं, तेव्हा मी त्याच्या नावाने जाहिरात टाकून दिली. मार्चमध्ये स्टॉकटनचा एक शाळामास्तर आला. तोही असाच ट्रक दुरुस्त करत होता आणि त्यालाही डावा दरवाजा मिळत नव्हता. त्याने आमचा दरवाजा उघडून बंद करून बघितला, घासण्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, हा कोणत्या कारखान्यातला? देवानंदने त्याला दोन तास सगळं सांगितलं. मास्तराने ऐकून घेतलं, दोरखंड काढला आणि ट्रक घेऊन गेला.

रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात मी मेथी पेरली. सहा वर्षं इंजिन ऑइल प्यायलेल्या मातीत चार काड्या उगवल्या. देवानंद म्हणतो, वरची माती बदलायला हवी. सध्या तो माती देणाऱ्या सात जणांची तुलना करतोय.